गाळ, गाळी आणि आक्काचा खण

बेळगावहून परत आल्यापासून सगळे एकच विचारतात, कुंदा आणला का. आणला, आणि संपलाही. पण यात्रा कशी झाली असं कुणी विचारलं की मी आधी गाडीच्या पंख्याबद्दल बोलायला लागते आणि माणसं हळूच विषय बदलतात. म्हणून हे लिहून काढते आहे. लिहिलेल्याचा विषय वाचणाऱ्याला बदलता येत नाही.

आम्ही तिघं निघालो होतो. मी, माझा नवरा सुहास आणि माझी थोरली मावशी, जिला साताऱ्यातली आमची सगळी आळी आक्का म्हणते. आक्काचं माहेर बेळगावच्या पश्चिमेला, बेळगुंदीच्या वाटेवरचं एक लहानसं गाव. तिथे लक्ष्मीची यात्रा भरते. आमच्या साताऱ्याकडे यात्रा म्हणजे दरवर्षी ठरल्या तिथीला. यंदा चुकली तर पुढच्या वर्षी जावं. तिकडे तसं नाही. मध्ये कित्येक वर्षं जातात, मग एकदाचं गाव ठरवतं, घरं रंगवली जातात आणि लग्न होऊन गेलेल्या लेकींना बोलावणी जातात. देवी गदगेवर, म्हणजे मांडवातल्या ओट्यावर, काही दिवस बसते. तेवढ्यात लेकींनी येऊन तिची ओटी भरायची. शेवटच्या दिवशी सूर्य कलला की देवी उठते आणि गावच्या शिवेकडे निघते. एकदा उठली की मग कुणासाठी थांबत नाही.

मागच्या यात्रेला आक्का गेली नव्हती. तिच्या भावाने, म्हणजे माझ्या मामाने, स्वतः येऊन बोलावण्याऐवजी एका पाहुण्याच्या तोंडी निरोप धाडला. आक्काच्या यजमानांना हा अपमान वाटला आणि त्यांनी तिला जाऊ दिलं नाही. ओटीसाठी घेतलेला हिरवा खण तिने ट्रंकेत तळाशी ठेवून दिला. आता तिचे यजमान नाहीत, मामा नाही, मामाचं घरही दुसऱ्या कुणाचं झालं. यंदा तिला बोलावणारं कुणी उरलंच नव्हतं. तिने आपली आपणच तारीख काढली आणि मला फोन केला. "मीने, गाडी काढतीस का? फुडल्या यात्रंला मी असंन का न्हाय, कुणाला ठावं."

गाडी काढली. पण त्याआधी गाडीचा पंखा जळाला होता.

हा पंखा म्हणजे बॉनेट उघडल्यावर पुढे रेडिएटरला चिकटून असतो तो. इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरमध्ये येतं, वाऱ्याने निवतं आणि परत इंजिनात जातं. गाडी पळत असली की वारा आपोआप मिळतो. थांबली की पंख्याचं काम सुरू. जळलेल्या मोटरच्या जागी नवी मोटर आणली तर तिची प्लगची खुंटी आमच्या गाडीच्या सॉकेटात बसेना. गॅरेजवाला म्हणाला, दोन दिवस थांबा, बरोबरची मागवतो. सुहास म्हणाला, कशाला? सुहास बँकेतून निवृत्त झाल्यापासून कशालाच थांबत नाही. त्याने प्लग कापून टाकला आणि वायरी एकमेकींना जोडून वर काळी टेप गुंडाळली. "दोनच तर वायरी आहेत," तो म्हणाला, "त्यात चुकायचं काय?"

पंखा लागला, फिरला. सुहासने माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्याने विहिरीला पाणी लावलं. स्वयंपाकघरातला धूर बाहेर फेकणारा पंखाही त्यानेच बसवला होता. तोही छान फिरत होता, फक्त महिनाभर शेजारच्यांच्या सुक्या बोंबलांचा वास आमच्या शिऱ्याला येत होता. पण मी त्या दिवशी तो विषय काढला नाही. घरात शांतता हवी असली की काही विषय झाकून ठेवावे लागतात.

कोगनोळीची रांग

गाडी मी चालवते. सुहासही चालवतो, पण तो चालवताना बोलतो आणि बोलताना हात सोडतो.

कागल मागे पडेपर्यंत सगळं उत्तम होतं. इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावर, एसी गार, आक्का मागच्या सीटवर ओटीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. एक गंमत मात्र मी टिपून ठेवली. आमच्याकडे बाई 'येते, जाते' म्हणते. बेळगावकडच्या बायका सरळ 'येतो, जातो' म्हणतात. आक्का साताऱ्यात इतकी वर्षं 'जाते' म्हणत आली आहे. कोल्हापूर ओलांडल्यावर ती म्हणाली, "मी जरा डोळा लावतो." मी आरशातून पाहिलं, तिला स्वतःला काही कळलेलं नव्हतं. रस्त्यावरच्या पाट्या कानडी व्हायच्या आधी आक्काची क्रियापदं बदलली.

कोगनोळीला टोलची लांबच लांब रांग होती. गाडी मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली आणि बॉनेटखालून आवाज सुरू झाला. आमच्या गाडीचा पंखा पूर्वी 'सूं' करून लागायचा. हा 'घों' करून लागला, आणि घोंघों करतच राहिला.

"आवाज बदललाय," मी म्हणाले.

"नवी मोटर आहे. दमदार आहे," सुहास म्हणाला.

"गिरणीत बसल्यागत वाटालंय," आक्का मागून म्हणाली.

मग काट्याने वरची वाट धरली. सुहासने शांतपणे एसी बंद केला आणि सांगितलं की एसीमुळे रेडिएटरवर भार येतो. हे खरं होतं. काटा मात्र तसाच वर सरकत राहिला. रांग सुटली, गाडी हायवेला लागली, आणि दोन-चार मिनिटांत काटा मुकाट खाली आला. "बघ," सुहास म्हणाला. काय बघायचं ते त्याने सांगितलं नाही.

निपाणी

निपाणीत शिरलं की आधी नाकाला कळतं. वखारींतल्या तंबाखूचा तो कोरडा, गोडसर वास काचा बंद असल्या तरी आत येतो. सुहासचा कॉलेजातला मित्र भूपाल तिथेच राहतो. जैन कुटुंब, तंबाखूची शेती आणि वखार, घरात मराठी आणि कानडी दोन्ही. रात्री त्याच्याकडे मुक्काम ठरला होता.

पोहोचलो तेव्हा दिवस अगदी काठावर आला होता. गाडी ओसरीसमोर लावली, किल्ली काढली, आणि पंखा तसाच घोंघों करत राहिला. मी किल्ली हातात धरून गाडीकडे बघत राहिले. मला वाटलं, गाडी आता माझ्याशिवायही चालणार. हे मात्र सुहासने बरोबर सांगितलं: इंजिन गरम असलं की गाडी बंद केल्यावरही पंखा थोडा वेळ फिरतो, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. एवढ्यात भूपालची बायको, आमच्या वहिनी, धावतच बाहेर आल्या.

"गाडीचं ऱ्हाऊ दे हो! हात धुवा आन् आधी जेवा. सूर्य बुडत आलाय बघा!"

त्यांच्याकडे सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी, मग प्रवासाची चौकशी, मग चहा, आणि जेवण रात्री कधीतरी, सगळ्यांची भूक मेल्यावर. इथे उंबऱ्यातून सरळ पाटावर. ज्वारीची भाकरी, कांदा-लसणाशिवाय केलेली वांग्याची भाजी, शेंगाची पोळी, वर तूप. वहिनी वाढता वाढता खिडकीतून आभाळाकडे बघत होत्या आणि आम्ही त्यांच्याकडे बघत भरभर घास घेत होतो. इतकं चविष्ट जेवण मी इतक्या घाईने आजवर जेवले नव्हते. आक्का हात धुताना म्हणाली, "लई बरं झालं. आता सगळी रात्र गप्पा मारायला मोकळी." आणि लगेच झोपली.

सकाळी सुहासने बॉनेट उघडलं. भूपाल वखारीत गेला होता, वहिनी बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात. ओसरीवर आरामखुर्चीत भूपालचे सासरे बसले होते. गोकाकच्या पलीकडचे, लेकीकडे चार दिवस आलेले, मराठी जवळजवळ शून्य. ते शांतपणे आमचा खेळ बघत होते.

गाडी थंड असताना, सपाट जागेवर काय काय बघायचं असतं ते सुहासने मला समजावलं, आणि इथे त्याच्यावर अन्याय करायला नको, ते नीट समजावलं. ऑइलची पट्टी बाहेर काढायची, फडक्याने पुसायची, परत पूर्ण आत घालून पुन्हा काढायची आणि मग बघायची. पहिल्यांदा निघते ती खोटं बोलते. दोन खुणांच्या मध्ये ऑइल दिसलं म्हणजे ठीक. कूलंटची पांढरी टाकी असते, तिच्यावरही वर-खाली खुणा असतात; पाणी त्यांच्यात हवं. ब्रेक ऑइलची छोटी डबी बाहेरूनच बघायची, उगाच उघडायची नाही. आणि काचेवर उडणाऱ्या पाण्याची टाकी, तिच्यात आमच्याकडे पाण्यात थोडा शांपू घातलेला असतो, कारण सुहासला फेस आवडतो. सगळं जागच्या जागी होतं. मग काटा का चढतो?

"गाडी चालू कर," तो म्हणाला. मी केली, आणि एसीही लावला म्हणजे पंखा लागेल. घों सुरू झालं.

तेवढ्यात खुर्चीतल्या आजोबांनी मान उचलली. हात गाडीच्या तोंडाकडे करून ते म्हणाले, "गाळी बरवल्दु."

सुहास चपापला. "काय म्हणाले?"

आजोबांनी आवाज चढवला, हात जोरजोरात हलवला. "गाळी! गाळी बरवल्दु!"

सुहासच्या चेहऱ्यावर उजेड पडला. त्याचं म्हणणं असं की कॉलेजात भूपालबरोबर राहून त्याला कानडी येतं. माझ्या मते त्याला कानडीत फक्त जेवण मागता येतं. "गाळ भरलाय म्हणतायत," तो मला म्हणाला. "रेडिएटरमध्ये गाळ! बघ, जुन्या माणसाला एका नजरेत कळलं." त्याने आजोबांना वाकून नमस्कार केला. आजोबा त्याच्याकडे बघतच राहिले आणि मग त्यांनी डोळे मिटून घेतले. आम्हाला वाटलं, ही त्यांची नम्रता.

गाडी धुण्याच्या सेंटरवर रेडिएटर रिकामा केला. आतून स्वच्छ हिरवं पाणी आलं. तिथला माणूस म्हणाला, "साहेब, गाळ न्हाय काय. सोच्छ हाय की."

"आत चिकटून बसला असेल," सुहास म्हणाला. "जोराने मारा पाणी."

जोराने पाणी मारलं. आणखी स्वच्छ पाणी आलं. नवं कूलंट भरलं. या सगळ्यात दुपार झाली आणि आक्काचा चेहरा लहान झाला. पिशवीतला खण काढून तिने मांडीवर सारखा केला आणि परत ठेवला. हिरवा, जांभळ्या काठाचा. इतकी वर्षं ट्रंकेत राहून घडीवर पांढरी रेघ पडली होती.

"देवी कधी उठते गं?" मी विचारलं.

"दिस कलल्यावर."

"पोहोचू की मग."

"व्हय की," ती म्हणाली, आणि मला मीच खोटं बोलल्यासारखं वाटलं.

तवंदी घाट

निपाणी सोडली की थोड्याच वेळात तवंदीचा घाट लागतो. घाट म्हणून फार मोठा नाही, पण पुढे विटांनी भरलेला ट्रक असला तर तो हिमालय होतो. आमच्या पुढे तसा ट्रक होता. त्याच्या मागे आम्ही, आमच्या मागे सगळं कर्नाटक. घों सुरू झालं, काटा उठला.

गाळ नव्हता हे आता सिद्ध झालं होतं, पण मी ते बोलले नाही, कारण सुहास स्वतःच खिडकीतून लांब बघत बसला होता. मग त्याला अचानक आठवलं. "हीटर लाव!"

"एप्रिलमध्ये?"

"इंजिनाची उष्णता आत घे. तेवढीच तिची कमी होईल. पूर्ण लाव!"

यात तथ्य आहे, ही युक्ती खरंच चालते. फक्त ती करताना गाडीत माणसं नसावीत. चारही काचा खाली, हीटर पूर्ण, बाहेरून एप्रिल आणि आतून इंजिन. सुहासने शर्टाची वरची बटणं उघडली. माझ्या पापण्यांवरून घाम स्टिअरिंगवर पडत होता. शेजारून चाललेल्या एका टेंपोतल्या लोकांनी आमची तांबडी तोंडं पाहून पाण्याची बाटली पुढे केली. आक्काने डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि म्हणाली, "जावईबापू, भाकरी थापून दिलो तर हितंच भाजून निघंल."

काटा मात्र थबकला. घाट संपला, हायवे मिळाला, काटा गुपचूप खाली आला. संकेश्वरला रस्त्याकडेला वाळत घातलेल्या मिरच्यांचे तांबडे पट्टे दिसले. मिरची घ्यायची आक्काची इच्छा होती, पण ती म्हणाली, "येताना." त्यावरून तिला किती घाई आहे ते मला कळलं, कारण आक्का संकेश्वरी मिरची सोडून पुढे जाणारी बाई नव्हे.

बेळगावच्या पुढे

बेळगाव शहर ओलांडलं तो वेळ मी सांगत नाही. प्रत्येक सिग्नलला हीटर लावायचा, सुटला की बंद करायचा, आणि बाजूच्या रिक्षावाल्याला आपण ठीक आहोत असं हसून दाखवायचं. पश्चिमेचा रस्ता लागला तेव्हा सूर्य समोर आला होता. दोन्ही बाजूला कापणी झालेली भातशेतं, मध्ये रताळ्यांचे मोकळे वाफे, पुढे काजूच्या बागा. पिकलेल्या बोंडांचा आंबूस वास गाडीत भरला. आक्का खिडकीला नाक लावून बसली होती. "ह्यो वड्डरांचा मळा. हितं आमी बोंडं चोरालतो," असं काहीतरी ती मधूनच म्हणायची.

यात्रेच्या गाड्यांनी रस्ता तुंबला होता. ट्रॅक्टर, टेंपो, मोटरसायकलवर चार-चार माणसं. गाव नजरेच्या टप्प्यात, मांडवाचं टोक झाडांवरून दिसत होतं, आणि काटा पार वरच्या लाल रेघेला टेकला. मी गाडी शेताच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. बॉनेटखालून वाफ निघाली.

सुहास टाकीचं झाकण उघडायला निघाला तेव्हा आक्का अशी ओरडली की बाजूचा बैल बिचकला. "हात लावू नगंसा! शिट्टी उतरल्याबिगर कुकर उघडत्यात काय?" तिचं बरोबर होतं. गरम रेडिएटर उघडला तर उकळतं पाणी तोंडावर येतं. आम्ही वाट बघत उभे राहिलो. जाणारी प्रत्येक गाडी माणसांनी तुडुंब होती, पाय ठेवायलाही जागा नव्हती. आक्काच्या गुडघ्यांना चालणं जमत नाही. लांबून हलगीचा आवाज येत होता. सूर्य काजूच्या शेंड्यावर टेकायला आला होता.

आक्काने ओटीची पिशवी घेऊन बॉनेटच्या कडेवर सामान मांडलं. नारळ, तांदूळ, हळदकुंकू, बांगड्या, खण. सगळं आहे का बघत होती, की नुसतं काहीतरी हाताला हवं होतं, मला माहीत नाही. तिचा ओठ हलत होता. मला भडभडून आलं, आणि मी काहीतरी करावं म्हणून आत बसून किल्ली फिरवली, काटा किती उतरला ते बघायला. पंखा घों करत लागला. डोळे पुसताना माझं मनगट वायपरच्या दांडीला लागलं. काचेवर शांपूचं पाणी उडालं, वायपरने ते पुढे फेकलं, आणि फेसाचा सगळा फवारा त्या हिरव्या खणावर पडला.

मी दार उघडून धावले. "आक्का..."

"ऱ्हाऊं दे," ती म्हणाली. खण उचलून तिने झटकला. रडली नाही, रागावली नाही. खण दोन्ही हातांत पसरून धरला आणि गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली, तोंडाशी, जाळीसमोर. "हितं बरा गरम वारा येतोय. वाळंल पटकन."

खण तिच्या अंगाकडे फडफडत होता. ओला खण, झेंड्यासारखा, गाडीपासून लांब.

मी बघत राहिले. वारा गाडीतून बाहेर येत होता. पण गाडी पुढे जाते, वारा समोरून आत शिरतो. पंख्यानेही समोरचाच वारा आत ओढायला हवा. हा उलटा, इंजिनाची वाफ पुढे फुंकत होता, म्हणूनच हायवेवर समोरून जोराचा वारा आला की काटा उतरायचा आणि गाडी थांबली की चढायचा. मी पर्समधला कागदी रुमाल जाळीला लावून बघितला. चिकटायला हवा होता. तो उडून शेतात गेला.

"सुहास," मी म्हणाले. "शेजारच्यांचे बोंबील आठव."

त्याला आठवायला एक क्षण लागला. मग त्याने पंख्याकडे पाहिलं, खणाकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं. "दोनच तर वायरी होत्या," तो पुटपुटला.

नेमका तेव्हाच भूपालचा फोन आला. पोहोचलात का म्हणून. मी त्याला सगळं सांगितलं, गाळाचं, आजोबांचं. पलीकडून असं हसू आलं की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"वहिनी, गाळ न्हवं! गाळी! गाळी म्हंजे वारा! गाळी बरवल्दु म्हंजे वारा येईना! तुमी गाडी आमच्या सासऱ्यांच्या फुडं लावलासा, त्यास्नी वारा येत न्हवता! गाडी सरकवा म्हनालते ते!"

"आणि सुहासने त्यांना नमस्कार केला!"

"व्हय, दुपारी जेवताना सासरे सांगालते, जावयाचा मैतर लई सज्जन हाय, फक्त वाईच बहिरा हाय."

सुहासने मात्र यात स्वतःचा विजय शोधलाच. "म्हणजे बोलले ते बरोबरच की," तो म्हणाला. "वारा येत नाही! रेडिएटरलाही येत नव्हता!" मी त्याच्याशी वाद घातला नाही, कारण तो बोलत असताना किल्ली काढून, बॅटरीची वायर सोडवून, काळी टेप उकलायला लागला होता. वायरी अदलाबदल केल्या, टेप गुंडाळली, बॅटरी जोडली. टाकी गार झाली होती. फडकं धरून झाकण हळूच सैल केलं, फुस्स झालं, आणि कमी झालेलं पाणी भरलं. मी किल्ली फिरवली, एसी लावला.

सूं.

आक्काने खण जाळीसमोर धरला. खण तिच्या हातातून निसटून जाळीला जाऊन चिकटला, घट्ट, जशी काही गाडीचीच ओटी भरली. आक्का पहिल्यांदा हसली. "आता वारा आत शिरतोय बघ बेस."

गदगेसमोर

गर्दीत गाडी पावलापावलाने गेली आणि काटा मध्यावरून हलला नाही. मांडवापाशी हलगी जोरात होती; देवी उठवायची तयारी चालली होती, माणसं रथाचे दोर धरून उभी होती. सुहासने आक्काला एका हाताने धरलं, मी दुसऱ्या. ओट्यापाशी एक म्हातारी बसून ओट्या घेत होती, यल्लव्वा, आक्काच्याच वयाची. तिला सगळे विचारत होते आणि ती सगळ्यांना विचारत होती.

"कुणाची ल्येक गं तू?"

सत्तरी ओलांडलेल्या आक्काने पदर सावरला. "भरमाची. भरमाची थोरली."

यल्लव्वाने खण नाकाशी नेला. "कसला गं वास ह्यो?"

"शांपूचा. न्हाऊन आलाय."

यल्लव्वा हसली, खण मांडीवर घेतला, आणि आक्काकडे डोळे बारीक करून बघितलं. "भरमाची थोरली. मागल्या यात्रंला आली न्हाईस न्हवं तू? तुझा भाऊ हितंच हुबा होता की. देवी उठली तरी वाटंकडंच बघालता. आक्का येनार, आक्का येनार म्हनालता."

आमच्या मागे हलगी वाजत होती. मी आक्काचा दंड धरला होता. इतकी वर्षं ती समजत होती की भावाने निरोपसुद्धा मनापासून धाडला नव्हता. मग तिने नारळ पुढे केला.

"वारा उलटा होता गं त्या यात्रंला," आक्का म्हणाली.

यल्लव्वाने मान हलवली, आमच्या गाडीचं सगळं ठाऊक असल्यासारखी, आणि खण देवीच्या पायाशी ठेवला.